फुईच्या कमरेचा फोटो

माहेरच्या कुणाचा फोन आला आणि त्यानं आधी माझ्या तब्येतीची, मग पोरांची, मग जळगावच्या उन्हाची चौकशी केली, की मी ओळखते: कुणाला तरी फोटो काढायचा आहे. फोटो म्हणजे लग्नाबिग्नाचा नव्हे. गुडघ्याचा, पोटाचा, डोक्याचा, कमरेचा. एक्स-रेला आमच्याकडे साधा फोटो म्हणतात आणि एमआरआयला मोठा फोटो. साध्या फोटोवर हल्ली कुणाचं समाधान होत नाही.

आमचं घर दवाखान्यांच्या रस्त्याला लागून आहे, हा माझा गुन्हा. घर घेताना वाटलं होतं, म्हातारपणी सोय होईल. सोय झाली, पण ती पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतच्या सगळ्या नातलगांची. सकाळच्या एसटीनं यायचं, आमच्या हॉलमध्ये पिशव्या टाकायच्या, चहा घ्यायचा आणि मी कचेरीत जायला चपला घालत असताना म्हणायचं, "अक्का, तुमना डाक्टरले सांगा ना, एक चिठ्ठी लिखी दे म्हना."

हा 'तुमना डाक्टर' म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर. पेशंटच्या पोटाला हात लावणाऱ्या डॉक्टरांपैकी हे शेवटचेच असावेत. ते विचारतात, दाबून बघतात, चालायला लावतात, जीभ बघतात आणि मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "फोटोची गरज नाही." या एका वाक्यानं माझे किती नातलग दुखावले आहेत, सांगता येणार नाही. बाहेर आले की माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच डॉक्टरांना आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. एका चुलत काकांचं डोकं दुखायचं. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर काढून घ्यायला सांगितला. काका माझ्याकडे जेवायला बसले आणि वरणभात संपेपर्यंत एकच म्हणत राहिले, इतक्या लांबून आलो आणि यानं नुसता हात लावून परत पाठवलं. चष्मा लागला, डोकं थांबलं, पण काकांचा डॉक्टरांवरचा राग काही गेला नाही.

या सगळ्यांना फोटो कशाला हवा असतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तो दुखण्यासाठी नसतोच. तो भेटायला येणाऱ्यांसाठी असतो. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की सगळी भाऊबंदकी भेटायला जाते. बिस्किटांचा पुडा नाहीतर केळी घेऊन खाटेशी बसायचं आणि कसं वाटतंय हे विचारायच्या आधी आजाऱ्याच्या पोराला विचारायचं, "फोटो काढा का?" पोरगा नाही म्हणाला की पाहुणा नुसता छताकडे बघतो. त्या बघण्यात सगळं येतं: बापाला असाच टाकलाय, आईसाठी एवढंही झालं नाही. म्हणून फोटो काढायचा. मग त्याचं मोठं पाकीट दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवायचं. येईल तो पाकीट उतरवतो, काळी फिल्म दारातल्या उजेडात धरतो, सुलटी का उलटी याची पर्वा न करता नीट बघतो आणि म्हणतो, "अरेरे." पोरांची अब्रू राहते.

आता फुईबद्दल सांगते. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. सत्तरी ओलांडलेली, सुकट अंगाची, तोंडानं फटकळ. फुवा, म्हणजे तिचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. पारोळ्याच्या पुढे तिचं गाव आहे, तिथे ती थोरल्या पोराजवळ राहते. धाकटा सुरतेला असतो. आणि भाऊबंदकीत कुठेही लग्न ठरलं की नवरदेवाच्या आधी फुईची तारीख धरतात, कारण फुईसारखे मांडे आजूबाजूच्या गावांत कुणाला येत नाहीत. पुरण भरलेला गोळा हातावर खेळवत खेळवत तिच्या कोपरापर्यंत पसरतो, इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी, आणि मग तो एका झोकात उलट्या मडक्यावर, म्हणजे खापरावर पडतो. फाटत नाही, दुमडत नाही. लग्न कुणाचंही असो, पहाटेपासून दुपारच्या पंगती उठेपर्यंत फुई चुलीपुढे.

त्या हिवाळ्यात लग्नांचा एक हंगाम उरकला आणि तिची कंबर धरली. थोरला तिला घेऊन माझ्याकडे आला. मी रजा टाकली आणि दोघांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवून एकेक पाय वर करायला लावला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पाठीवरून बोट फिरवत कुठे दुखतंय ते पाहिलं. म्हणाले, "मावशी, कंबर वापरून वापरून दमली आहे. शेक घ्या, थोडे दिवस गोळी घ्या, पण निजून राहू नका. रोज चाला. महिनाभरात बरं वाटेल. फोटोची गरज नाही."

थोरला खुर्चीतून पुढे सरकला. "मोठा फोटो काढी लेतूत ना, डाक्टरसाहेब. मनमा शंका नको."

"शंका तुमच्या मनात आहे. फोटो त्यांच्या कमरेचा काढायचा ना?"

"पन काय दुखस ते त समजी."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेला. "हे बघा, या वयात फोटो काढला की मणके झिजलेले दिसणारच. केस पांढरे होतात ना? तसंच आतून होतं. आता केस पांढरे झाले म्हणून कुणी अंथरूण धरतं का? फोटो बघून तुम्ही घाबराल, त्यांना घाबरवाल, आणि हे चांगलं चालतंफिरतं माणूस खाटेवर पडेल. म्हातारं माणूस एकदा पडून राहिलं की हातपाय गळतात, मग उठवणं माझ्या हातात राहत नाही."

मला पटलं. फुईला काय वाटलं ते कळलं नाही, ती पदरानं कपाळ पुसत होती. थोरल्यानं बाहेर येऊन सुरतेला फोन लावला. धाकट्याचं आईवर फार प्रेम आहे, फक्त ते सगळं फोनवर आहे. तो तिथूनच गरजला, "डाक्टर नही म्हनस त दुसरा डाक्टर देखा. मनी मायना मोठा फोटो काढाच." थोरल्यानं दुसरीकडून चिठ्ठी आणली आणि मला म्हणाला, अक्का, तुमी चला ना संगे, आमले तठलं काही समजस नही. मी हात टेकले.

फोटोच्या खोलीत धातू चालत नाही. बांगड्या निघाल्या, गळ्यातली माळ निघाली, कानातलं निघालं. नाकातली चमकी मात्र लग्नात घातलेली, त्यानंतर काढलीच नव्हती. तिथल्या मुलीनं साबण आणला, मी तेल मागवलं, फुई आम्हा दोघींना शिव्या देत होती. शेवटी निघाली. मी फुईचं सगळं सोनं रुमालात बांधून बाहेरच्या बाकावर बसले आणि आतला तो ठोकाठोकीचा आवाज ऐकत राहिले. फुई बाहेर आली ती कानात बोट घालून. म्हणाली, "देऊळना गाभारासारखं शे माय. पन घंटा वाजाडनारा येडा शे."

रिपोर्ट आला. इंग्रजीत पानभर मजकूर होता: अमक्या मणक्याची चकती बाहेर आली आहे, तमक्याची झिजली आहे. मी जसजशी वाचून सांगत होते, तसतसा थोरल्याचा चेहरा उजळत गेला. दुखणं सापडलं होतं, आणि तेही छापील. तो पाकीट घेऊन तडक आमच्या डॉक्टरांकडे गेला, मागोमाग मी. डॉक्टरांनी कागद वाचला, फिल्म पाकिटातून काढलीसुद्धा नाही. "मी सांगितलं होतं तेच आहे. माझा फोटो काढा, हेच येईल. मावशींना चालवा." थोरल्यानं मान डोलावली आणि बाहेर येऊन मला म्हणाला, या डॉक्टरला फोटो वाचता येत नसणार.

त्याच दिवशी फोटोचा फोटो भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. चकती बाहेर आली, हे गावात पोचेपर्यंत मणका सरकला असं झालं, आणि धुळ्याच्या सोयऱ्यांपर्यंत गेलं तेव्हा मणका फुटला होता. मला धुळ्याहून रडत रडत फोन आला. मी एकेकीला समजावत होते की असं काही नाही, ती बरी होणार आहे, आणि प्रत्येकीचं एकच उत्तर होतं: पण फोटोत दिसतंय ना! माझं डोकं फिरायची वेळ आली.

होळीच्या सुमारास मी गावी गेले. डॉक्टरांचं म्हणणं खरं झालेलं मला डोळ्यांनी दिसलं. पुढच्या खोलीत खाट टाकली होती. तिच्यावर लुगड्यावरून कमरेचा पट्टा बांधलेली फुई. पाकीट खिळ्याला. भेटायला आलेल्या दोघी पायाशी. सून पाण्याचा तांब्या हातात आणून देत होती, नातू उशी नीट करत होता. आयुष्यात जिला मी कधी टेकून बसलेली पाहिली नव्हती, ती बाई बाहुलीसारखी निजवून ठेवली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी थोरल्याला अंगणात घेतलं. म्हटलं, "अरे, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय तिला! महिनाभरात दुखणं थांबणार होतं. तू तिला कायमची पांगळी करशील."

"रिपोर्टमा लिखेल शे, अक्का," तो शांतपणे म्हणाला. "वाकनं नही, उचलनं नही."

रिपोर्टमध्ये असं एक अक्षर नव्हतं. मीच वाचून दाखवला होता. पण मी रिपोर्टशी कशी भांडणार? मी आत गेले आणि फुईचा दंड धरला. म्हटलं, ऊठ, अंगणात दोन फेऱ्या मारू. ती उठली, भिंतीला हात टेकला, "माय वं" म्हणाली आणि परत बसली. पाहुण्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी खून करायला निघाले होते. परतीच्या एसटीत मला रागानं रडू आलं. चांगली धडधाकट बाई एका काळ्या कागदापायी खाटेला खिळली, आणि आता तिचे पाय गेले की सगळे म्हणणार, बघा, फोटोत आधीच दिसलं होतं.

वैशाखात थोरल्याच्या पोराचं, म्हणजे फुईच्या सख्ख्या नातवाचं लग्न निघालं. पत्रिका आली आणि पाठोपाठ थोरल्याचा फोन आला. त्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, पोरांची केली, जळगावच्या उन्हाची केली. मी म्हटलं, "आता कुणाचा फोटो?"

"फोटो नही, अक्का. तुमना डाक्टर म्हने ना, मायले काही व्हयेल नही?"

"म्हणाले होते. हिवाळ्यात म्हणाले होते."

"तेच आते मायले सांगी देवा म्हना त्यासले. आमनं कोनी ऐकस नही ती. लगीनमा मांडा कोन करी? व्याहीले सांगेल शे, आजीना हातना मांडा राहतीन."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "आणि तो मोठा फोटो? मणका?"

"फोटो त आते जुना व्हयी गया ना."

यावर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आधी आजारी असल्याची चिठ्ठी हवी होती, आता बरी असल्याची. पण फोन ठेवल्यावर मी विचार केला: याचं कारण कितीही निलाजरं असो, फुई उठेल तर खरी. मांड्यांसाठी का होईना, ती खाटेवरून खाली येईल. मी डॉक्टरांची वेळ घेतली.

फुई गाडीतून आली. पट्टा होता, मांडीवर पाकीट होतं. डॉक्टरांनी थोरल्याला बाहेर बसवलं आणि मला आत थांबायला सांगितलं. फुईला टेबलावर निजवून त्यांनी तिचा पाय उचलला, तो सरळ वर गेला. दुसराही गेला. त्यांनी कमरेवर दाबलं. तिनं हूं की चूं केलं नाही. चालायला सांगितलं तर ती टाचांवर अशी चालली, की मीच बघत राहिले.

"मावशी, दुखतंय?"

फुईनं पडद्याकडे पाहिलं. पडदा नीट ओढलेला होता. "दुखत नही," ती हळूच म्हणाली.

"केव्हापासून?"

"संक्रांतपासून."

मी ताडकन उठले. "मग झोपून का असतेस? होळीला मी उठवलं तर 'माय वं' काय म्हणालीस? आम्ही सगळे तुझ्या काळजीनं मरतोय, आणि तू..."

"येडी शे का तू?" फुई माझ्यावर खेकसली, पण आवाज खालीच ठेवून. "उठसू त मांडा करना पडतीन. लगीन व्हयनं तवयपासून चूलम्होरे बशेल शे मी. कोनी म्हनं का कधी, फुई, तू बैस आते? कंबर त पहिलेबी दुखे. फोटो नही व्हता ना. आते फोटो शे त मानसे माले पानी आनी देतस."

मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळेना. थोरल्यावर काढावा तर तो एकटा नव्हता. तिला लग्नाला 'न्यायला' येणाऱ्यांच्या गाड्यांत आमच्या घरचीही गाडी असायची.

डॉक्टरांनी तेवढंच विचारलं, "पण मावशी, निजून राहून पाय जातील तुमचे. चालता की नाही?"

"पहाटे उठीसन मळालगून जाई येस," ती म्हणाली. "घरना बठ्ठा निजेल राहतस."

डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी घंटी वाजवून थोरल्याला आत बोलावलं, फुईच्या मांडीवरचं पाकीट घेतलं आणि फिल्म बाहेर काढली. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाची फिल्म इतक्या निवांतपणे बघताना पाहिलं नव्हतं. खिडकीच्या काचेला लावून त्यांनी एकेका मणक्यावरून पेन्सिल फिरवली. मग रिपोर्ट घेतला आणि ओळ न ओळ मोठ्यानं वाचली, मराठीत अर्थ सांगत. त्यात एकही शब्द त्यांनी पदरचा घातला नाही.

"हे जे झिजलंय ते परत भरून येणार नाही," ते थोरल्याला म्हणाले. "फोटो जुना झाला तरी मणके नवे होत नाहीत. मावशींना चालू द्या, हवं तेवढं. पट्टा काढला तरी चालेल. नातवाच्या वरातीत नाचल्या तरी माझी हरकत नाही. पण या वयात चुलीपुढे बसवायचं नाही. मांडे बंद."

"कितला दिन?" थोरल्यानं विचारलं.

"जन्मभर."

फुई खाली मान घालून लुगड्याची निरी सारखी करत होती. बाहेर पडल्यावर थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, हा डॉक्टर काही बरोबर नाही, आधी म्हणतो काही नाही, आता म्हणतो बंद. आणि मग अगदी काकुळतीनं, "अक्का, एक नवा मोठा फोटो काढी देखूत का? कदाचित बरा येई."

मी त्याला गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

लग्नात मांडे करायला तिघी बायका अमळनेरच्या बाजूनं बोलावल्या. सकाळपासून घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरली होती. हे असले मांडे, आईच्या हाताची सर नाही, व्याही काय म्हणतील. व्याह्यांनी रस ओतून ओतून मांडे हाणले आणि काही म्हटलं नाही. फुई मांडवात पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, नवं लुगडं, वरून पट्टा, कारण पट्टा तिला शोभतो असं तिचंच म्हणणं होतं. पहिल्या पंगतीची गडबड चालू असताना मी चुलीपाशी गेले. खापरावरून नुकताच उतरलेला मांडा ताटात घेतला, तूप सोडलं, वाटीत रस घेतला आणि तिच्यापुढे नेऊन ठेवला.

तिनं तुकडा मोडला आणि बोटं झटकली. "हाऊ गरम शे."

"मग गरमच असणार ना, फुई. आत्ता उतरवलाय."

तिनं फुंकर मारून घास घेतला. बराच वेळ चघळत राहिली. मला वाटलं, आता खोड काढणार, पुरण कमी आहे म्हणेल, कडा जाड आहेत म्हणेल. ती म्हणाली, "माले माहीत नव्हतं वं. गरम मांडा असा लागस."

शेवटच्या पंगतीला, सगळ्यांचं झाल्यावर, टोपल्यात उरलेले गार मांडे तिनं जन्मभर खाल्ले होते. हजारो केले आणि एकही गरम खाल्ला नाही. मला तिथे बसवेना. मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरला, ताट माझ्या हातात दिलं आणि आणखी एक आणायला सांगितलं.